कार्ड माझ्याकडे, पिन आठल्यांकडे

आठल्यांवर लिहा, असं कोपरच्या आमच्या जुन्या सोसायटीतल्या कितीतरी जणांनी मला सांगितलं. मी दरवेळी टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त सांगितलं, कधी पाठीचं. खरं कारण असं, की आठल्यांवर लिहायचं म्हणजे सिंगापूरबद्दल लिहावं लागणार, आणि सिंगापूरबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दल लिहावं लागणार. आता माझी पंचाहत्तरी झाली. डोळे आणि पाठ दोन्ही खरोखरच बिघडली आहेत. आणखी टाळलं तर लिहायचं राहूनच जाईल.

म्हणून सुरुवात चष्म्याच्या घरापासून करतो.

श्रीपाद आठल्ये चष्मा शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि चष्म्याच्या घरात बँकांची कार्डं. काळं, कडक, टप् आवाज करत मिटणारं घर. आत सात कार्डं. दर दोन कार्डांच्या मध्ये मऊ फडक्याचा तुकडा, एकमेकांना घासू नयेत म्हणून. चष्म्याच्या काचा मात्र खिशातल्या सुट्ट्या नाण्यांनी इतक्या ओरखडलेल्या, की कार्डावरचा नंबर वाचायला ते मला बोलवायचे.

"अहो, कार्डाचा नंबर असा दुसऱ्याला वाचायला देता?" मी एकदा विचारलं.

"सगळा कुठे देतो?" ते म्हणाले. "पहिले आठ आकडे तुम्ही वाचायचे. पुढचे आठ वाचून घ्यायला मी तळमजल्यावर म्हात्र्यांकडे जातो."

यात विनोद नव्हता. आंबिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअर्समध्ये चौतीस वर्षं काढलेली. तिथल्या गोदामाला दोन कुलपं होती आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असायच्या. एकट्याला दार उघडता येऊ नये, ही पद्धत. पुढे कारखाना बंद पडला, कुलपं भंगारात गेली, पण आठल्यांच्या डोक्यातलं दुसरं कुलूप तसंच राहिलं. स्वतःच्या घरालाही त्यांनी दोन कुलपं लावलेली. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी समोरच्या दारात, म्हणजे आमच्याकडे. स्वतःच्या घरात शिरायचं असलं तरी त्यांना आधी आमची बेल वाजवावी लागायची.

मी वैतागायचो. माझी बायको सुमन म्हणायची, "वाजवू देत की. तेवढंच दिवसातून दोनदा कुणाचं तरी तोंड दिसतं त्यांना."

आठल्यांनी लग्न केलं नाही. आईचं आजारपण वीस वर्षं चाललं, आणि ती गेली तेव्हा यांची पन्नाशी उलटलेली. स्वतःसाठी स्थळं बघायची राहून गेली, त्याची भरपाई त्यांनी कार्डांवर केली असावी. आमच्या भागातलं कुणीही परदेशी सहलीला निघालं, की आठल्ये त्याच्यासमोर चष्म्याचं घर उघडून बसायचे.

"हे स्थळ बघा. दिसायला देखणं, पण देण्याघेण्याचं आधी बोलत नाही. परदेशात वापरलंत की शंभरामागे साडेतीन रुपये मार्कअप कापतं, वर त्याच्यावर कर. हे दुसरं बघा. साधं घर, वर्षाची फी नाही, वरकड कापत नाही. पण एटीएमपाशी नेलंत की लाजतं. आणि हे तिसरं. हे विमानतळावर फुकट जेवू घालतं. याच्यापासून सांभाळून. बोलणी व्हायच्या आधीच जो पंगत वाढतो, त्याच्या मनात काहीतरी असतं."

आणि हा सल्ला देणारा गृहस्थ नोकरीच्या निमित्ताने आंबिवलीला आणि एकदा भाच्याच्या मुंजीला देवरुखला, यापलीकडे फारसा कुठे गेलेला नव्हता. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. तरी सगळा कोपर त्यांना 'फॉरेन आठल्ये' म्हणायचा.

बँकांच्या मदतकेंद्रांतल्या मुली त्यांना आवाजावरून ओळखायच्या. "बेटा, मैं आठल्ये, कोपर से," अशी सुरुवात व्हायची. एकदा मी समोर असताना त्यांनी फोनवर सांगितलं, "वो मार्कअप का प्रश्न बाद में देखेंगे बेटा, पहले तुम पानी पियो. आवाज बैठ गया है तुम्हारा." पलीकडची मुलगी बहुधा खरंच पाणी प्यायली, कारण आठल्ये मिनिटभर फोन कानाला लावून समाधानाने गप्प बसले होते.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती रंगीत तालमीमुळे. परदेशी निघालेल्या प्रत्येकाला त्यांच्या घरी येऊन खरेदीची तालीम करावी लागायची. टेबलावर एक जुना कॅल्क्युलेटर, तो म्हणजे कार्डाचं मशीन. पलीकडे आठल्ये. दुकानदारही तेच आणि मशीनचा आवाजही तेच. प्रवाशाने बाहेर जायचं, बेल वाजवून आत यायचं, शेल्फावरचा स्टीलचा पेला उचलायचा आणि कार्ड पुढे करायचं. मग आठल्ये अतिशय गोड आवाजात विचारायचे, "सर, पैसे रुपयांत देणार की इथल्या चलनात?"

बहुतेक माणसं बेसावधपणे म्हणायची, "रुपयांत."

"गेले!" आठल्ये टेबलावर थाप मारायचे. "तुमचे पैसे गेले! अहो, मशीन रुपयांचं विचारतं ते तुमच्या प्रेमापोटी नाही. रुपये करून देताना दुकानवाल्यांचा भाव लागतो, तो चढा असतो. रुपयांत विचारलं की नाही म्हणायचं! जा बाहेर, बेल वाजवून या."

आमच्या इमारतीची जमीन मूळची ज्यांची, ते तळमजल्यावरचे म्हात्रे दुबईला निघालेले तेव्हा ते चार वेळा नापास झाले. म्हात्र्यांच्या वाडवडलांनी मिठागरावर उन्हात काम केलेलं, आता भाड्यावर निवांत चाललेलं. पाचव्यांदा बेल वाजवायची वेळ आल्यावर ते भडकले.

"आरं आठल्या, मना पैशे वाचवाचे नाय रं! मना उडवाचे हान!"

"उडवा की. मी नको म्हणतो का? पण त्यांच्या चलनात उडवा!"

म्हात्रेवहिनी मात्र पहिल्याच फेरीत पास झाल्या. आठल्यांनी तो स्टीलचा पेला त्यांना बक्षीस देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी नवा आणला.

आठ वर्षांपूर्वी आम्ही आणि म्हात्रे नवराबायको, असा चौघांचा सिंगापूरचा बेत ठरला. सुमन तालमीला गेली आणि पास झाल्यावर तिथेच म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांना पाठवता. या वेळी तुम्हीही चला."

आठल्ये कॅल्क्युलेटर पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "मला कोण तालीम देणार?"

"मी देते," सुमन म्हणाली. आणि खरोखरच तिने त्यांना बाहेर पाठवून बेल वाजवायला लावली.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांचा पासपोर्ट आला. तो त्यांनी आधी आईच्या फोटोपुढे ठेवला आणि मग आमच्याकडे दाखवायला आणला. पुढचे दोन महिने त्यांनी त्या सहलीचा खर्च आखला. पाचही जणांची वर्गणी डॉलर करून एकाच प्रवासी कार्डावर भरायची, कार्ड आठल्यांच्या नावावर, आणि खाणंपिणं, तिकिटं, सगळं त्यातून. बाकीची कार्डं घरी. "पाच कार्डं नेली की पाच ठिकाणी हरवतात." म्हात्र्यांनी ऐकलं नाही, एक जास्तीचं कार्ड पाकिटात लपवून आणलं. मी मात्र ऐकलं.

विमानतळावर आठल्यांनी चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. आत एकच कार्ड होतं.

"कार्ड तुमच्याकडे, पिन माझ्याकडे," ते म्हणाले. "गोदामात माझ्यासोबतची किल्ली दिवेकरांकडे असायची. ते गेल्यावर, तुमच्याकडची घराची सोडली तर, अशी किल्ली मी कुणाला दिली नव्हती."

सिंगापुरात मग प्रत्येक बिलाच्या वेळी तो सोहळा व्हायचा. मी घर उघडून कार्ड काढायचो. आठल्ये उठून मशीनवर आपली टोपी धरायचे आणि टोपीखाली हात घालून, ओठ हलवत, चार आकडे दाबायचे. म्हात्रे ओरडायचे, "काय रं, टोपीखालशी कबूतर काडतंस का?" हॉटेलात वाढणारी पोरं हसायची. आठल्येही हसायचे. इतके आनंदात मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मशीनने रुपयांचं विचारलं की ते आमच्याकडे वळून डोळे मिचकावायचे आणि मग मशीनला मराठीत सांगायचे, "नको."

तिसऱ्या दिवशी एका दुकानाच्या काचेपाशी सुमन थांबली. खऱ्या ऑर्किडच्या फुलाला सोन्याचं पाणी देऊन केलेली, पदराला लावायची पिन होती. तिने ती हातात घेतली, किंमत पाहिली आणि परत ठेवली. "चला, उगाच काय," म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. हे 'उगाच काय' मी चाळीस वर्षं ऐकत आलेलो.

मी आठल्यांना बाजूला घेऊन साठ डॉलर मागितले.

"कशासाठी?"

"असंच."

त्यांनी खिशातून खर्चाचा कागद काढला, धूसर चष्म्यातून वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "असंच, या नावाखाली काही धरलेलं नाही हो."

त्यांना सांगितलं असतं की सुमनसाठी हवेत, तर त्यांनी दिले असते. हे मला आज कळतं. तेव्हा म्हात्रे शेजारी उभे होते आणि हसले. मी ठाण्याच्या सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. तीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर उभे राहून मागायचे, आणि मी 'कशासाठी' विचारायचो. माझं डोकं फिरलं.

दुपारी सगळे मत्स्यालय बघत असताना, प्रसाधनगृहात जाऊन येतो असं सांगून मी बाहेर पडलो. त्याच दुकानाच्या कोपऱ्यावर एटीएम होतं. कार्ड माझ्याकडे होतंच. पिन काय असणार या माणसाचा? मी त्यांचं जन्मसाल दाबलं. चूक. निवृत्तीचं साल दाबलं. चूक. तिसऱ्यांदा काय दाबलं ते आठवत नाही, रागाने दाबलं एवढं आठवतं. मशीनने कार्ड परत दिलं. मी ते फडक्यात नीट गुंडाळून घरात ठेवलं, टप् आवाज झाला, आणि मत्स्यालयात जाऊन शार्क बघत उभा राहिलो.

संध्याकाळी जेवण झाल्यावर बिल आलं. मी कार्ड काढलं, आठल्यांनी टोपी धरली, आकडे दाबले. मशीन किंचाळलं. त्यांनी पुन्हा दाबले. वाढणारा पोरगा मान हलवून म्हणाला, कार्ड बंद आहे.

"आठल्या," म्हात्रे हॉटेलभर ऐकू जाईल असं गरजले, "तुजं स्थळ पळालं रं!"

सगळे हसले. तीन वेळा पिन चुकल्यावर कार्ड बंद होतं, हे मला आठल्यांनीच शिकवलेलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "काय हे आठल्ये! आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंत, आणि स्वतःचं एक कार्ड चालवता येत नाही?"

सगळे पुन्हा हसले, आणि माझ्या या वाक्यावर जरा जास्तच. एक सुमन हसली नाही.

आठल्यांनी खिशातून फोन काढून चालू केला. बाहेरच्या देशात पैसे लागतात म्हणून ते दिवसभर तो बंद ठेवायचे. तो दोनतीनदा वाजला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ वाचत राहिले. मग फोन खिशात ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "मशीन रुसतं कधीकधी. माझंच काहीतरी चुकलं असणार."

म्हात्र्यांनी लपवून आणलेलं कार्ड काढलं. मशीनने विचारलं, रुपये की डॉलर? म्हात्र्यांनी आठल्यांकडे बघत, मुद्दाम, बोट उंच करून रुपयांचं बटण दाबलं.

आठल्यांनी टेबलावर थाप मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तासभर फोनवर बोलून कार्ड चालू करून घेतलं. कार्ड चालू झालं, आठल्ये बंद पडले. उरलेल्या दिवसांत त्यांनी टोपी धरली नाही, मशीनशी मराठीत बोलले नाहीत. परतताना विमानतळावर मात्र त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. "वर्गणीतून थोडे उरलेत. तिकडे जाऊन बदलायला गेलं की कापतात. हा तुमचा वाटा." आत साठ डॉलर होते. विमानतळावरही तसंच दुकान होतं. मी ती ऑर्किडची पिन घेतली आणि सुमनच्या पदराला लावली. ती इतकी खूश झाली, की मला वाटलं, चला, शेवट गोड झाला.

मात्र म्हात्र्यांनी ती हकिगत सगळ्या कोपरमध्ये पोहोचवली. फॉरेन आठल्यांचे 'बंद कार्ड आठल्ये' झाले. लोक सहलींना जात राहिले, पण तालमीला कुणी जाईना. टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर त्यांनी एक रुमाल टाकून ठेवला. आमची बेल ते दिवसातून दोनदा वाजवत राहिले, किल्ली घेत, "येतो" म्हणत. मी दरवेळी ठरवायचो, आज सांगायचं. एका दिवाळीला फराळाचं ताट घेऊन खास त्यासाठी गेलो, आणि चकली कशी खुसखुशीत झालीय यावर अर्धा तास बोलून परत आलो.

मग मुलाने माजिवड्याला तेविसाव्या मजल्यावर घर घेतलं आणि आम्ही तिकडे गेलो. आठल्यांची किल्ली मी त्यांना परत केली. "असू दे," ते म्हणाले. "दोन्ही माझ्याकडे ठेवीन."

गेल्या वर्षी मुलीने आम्हाला टोरांटोला बोलावलं. तिकीट हातात आल्यावर मी तडक रिक्षा करून कोपरला गेलो. माजिवड्यापासून वाटभर वाक्य पाठ करत होतो. आठल्यांच्या दाराला एकच कुलूप लटकत होतं, तेही उघडं.

"दुसरं कुलूप कुठे गेलं?"

"दोन्ही किल्ल्या एकाच खिशात म्हटल्यावर दोन कुलपांना अर्थ काय?" ते म्हणाले. फार वाळले होते. चष्मा तोच.

"आठल्ये, मी टोरांटोला चाललोय. तालीम घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, कॅल्क्युलेटरवरचा रुमाल काढला, त्याच रुमालाने तो पुसला, आणि खुर्चीत ताठ बसले. "बाहेर जा. बेल वाजवून या."

मी गेलो, बेल वाजवली, आलो, पेला उचलला. त्यांनी गोड आवाजात विचारलं. मी म्हणालो, "डॉलरात." त्यांनी मान डोलावली.

"आता पिन," ते म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा. पिन आठवला नाही तर दोनदाच बघायचं. तिसऱ्यांदा हात मागे घ्यायचा. कारण चुकला की कार्ड ज्याच्या नावावर, त्याच्या फोनवर निरोप येतो. किती वाजता, कुठल्या एटीएमवर, सगळं येतं."

मी पेला परत शेल्फावर ठेवला.

"त्या कोपऱ्यावरचं दुकान मीही पाहिलं होतं," आठल्ये कॅल्क्युलेटरकडे बघत म्हणाले. "वहिनी काचेपाशी जरा जास्त थांबलेल्या. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. कागदात डोकं घालून बसलो."

"म्हणजे ते साठ डॉलर…"

"वर्गणीतून काही उरलं नव्हतं. ते माझे होते."

"मग त्या संध्याकाळी बोलला का नाहीत?"

"वहिनी समोर बसल्या होत्या ना."

मला पाठ केलेल्या वाक्यातला पहिला शब्द सापडेना. "आठल्ये, ऐका, मी…" एवढं म्हणालो, तर त्यांनी हात वर केला.

"सर, मशीनशी गप्पा मारायच्या नसतात. मागे रांग असते. पिन दाबा आणि पुढे व्हा." आणि हसले. सिंगापूरला पहिल्या दिवशी हसलेले तसे.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक किल्ली ठेवली. "दुसरं कुलूप पुन्हा लावतो. ही तुमच्याकडे असू दे. परत आलात की यावं लागेल."

मी परत आल्यावर सांगायचं ठरवलं. टोरांटोत मात्र राहवेना. एका दुकानात मशीनने मला रुपयांचं विचारलं, मी मोठ्याने "नको" म्हणालो, आणि तिथेच बाकावर बसून आठल्यांना फोनवर निरोप लिहिला. बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहिला. खाली एक टिक आली; त्यांच्या फोनवर पोहोचला की दुसरी येणार होती.

तीन दिवसांनी त्यांच्या भाच्याचा फोन आला. आम्ही निघालो त्याच आठवड्यात आठल्यांना रुग्णालयात हलवलं होतं. ते तिथेच गेले. शेजाऱ्यांनी घाईत घराची दोन्ही कुलपं दाबून टाकली होती. एकाची किल्ली सापडली होती. "काका, दुसरी तुमच्याकडे आहे असं मामा सांगायचा. फोनही आतच राहिलाय."

परत आल्यावर मी आणि भाच्याने मिळून दार उघडलं. टेबलावर कॅल्क्युलेटर होता, शेजारी चष्म्याचं घर, आणि बंद पडलेला फोन.

"चालू करून बघू का?" भाच्याने विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो.

माझ्या फोनवर तो निरोप अजून आहे. सुमनला आणि म्हात्र्यांना तो इथेच पहिल्यांदा वाचायला मिळेल.

'आठल्ये, सिंगापूरला पिन मी दाबला होता. तीनदा. आणि सगळ्यांदेखत तुम्हाला हसलो, तेही मीच. चुकलो. परत आलो की म्हात्र्यांसमोर सांगतो. किल्ली माझ्याकडे नीट आहे.'

खाली एकच टिक आहे.